पुसायचं बटण नाही

आपलं लग्न ठरल्याची बातमी कामिनी नारखेडेला मिळाली ती शिवीतून.

आठवडाभराचं काम उरकून सकाळच्या एसटीनं ती धुळ्याहून जळगावला उतरली होती. खांद्यावर लॅपटॉपची बॅग, डोळ्यांत झोप, पोटात चहासुद्धा नाही. केळी उत्पादक गटाच्या ऑफिसचं शटर ज्ञानेश्वरनं नुकतंच वर सारलं होतं. ती खुर्चीवर टेकते न टेकते तोच असोद्याच्या सुंदरबाई आत घुसल्या. या सुंदरबाईंचा नवरा ट्रक चालवतो, वर्षातले बरेच महिने गुजरातेतच असतो. केळीची बाग बाई एकट्या सांभाळतात आणि आवाज असा कमावलाय की पाटापलीकडचा माणूस ओ देतो. त्यांनी पिशवीतून केळीची एक फणी काढली आणि कामिनीच्या टेबलावर आपटली. फणी पिवळीधमक होती.

"घे, सटवे! खाय! तुह्या लग्नाचा परसाद!"

"कोणाच्या लग्नाचा?"

"आता गं माय! जशी काही पाळन्यातच आहे! तुह्या बापानं लग्नघर लावलं, तुमची बाग पहिले कापून नेली, अन् माह्ये घड झाडावर पिकले. दलिचंदशेठचा मानूस आला, त्यानं पाह्यलं अन् ट्रक तसाच माघारी नेला. आता कोन्या तोंडानं नाचू मी तुह्या वरातीत?"

ज्यांनी केळं फक्त डझनावर पाहिलंय त्यांना हा राग कळायचा नाही, म्हणून सांगायला हवं. घड कापायचा तो हिरवा असताना. तो ट्रकात चढतो, दिल्लीकडे जातो, वाटेत आणि तिथं पिकतो. झाडावर पिकला की खेळ खलास, तो घड फार तर शेळ्यांना आणि पाहुण्यांना. केळीचे व्यापारी दलिचंदशेठ यांनी ट्रक वळवला यात त्यांचंही काही चुकलं नाही. म्हणून कटाईचा नंबर आमच्याकडे जीव की प्राण. कोणाच्या बागेत कापणारी टोळी आधी जाणार, यावरून इथं सख्ख्या भावांनी बांधावर एकमेकांची डोकी फोडली आहेत.

कामिनीनं ज्ञानेश्वरकडे पाहिलं. नोंदी घेणारा हा भला माणूस धुळ्याकडचा. त्याचा चेहरा पार उतरला होता.

"ताई, आबासना फोन उन्था," तो चाचरत म्हणाला. "माले वाटनं, तुमले बठ्ठं ठाऊक शे." म्हणजे आबांचा, तिच्या वडिलांचा, फोन आला आणि तिला सगळं ठाऊक आहे असं समजून यानं नोंद केली.

समोरच्या भिंतीवरच्या टीव्हीवर कटाईची रांग दिसत होती. त्यात स्पष्ट लिहिलेलं: जीवराम नारखेडे, असोदा. लग्नघर. वधू: कामिनी. कटाई झाली. कामिनीनं स्वतःच्या हातानं बांधलेल्या यंत्रानं, तिलाच न विचारता, तिचं लग्न साऱ्या पंचक्रोशीला सांगून टाकलं होतं. गटातल्या झाडून साऱ्या शेतकऱ्यांच्या मोबाइलवर ते जाऊन पोचलं होतं; नारखेड्यांचा नोंदलेला मोबाइल आबांचा, म्हणून कामिनी तेवढी सुटली. एरंडोलच्या कुणीतरी तर खाली फुलांचा गुच्छही पाठवला होता!

ही कामिनी कोण, ते आधी सांगतो. असोद्याच्या जीवराम आबा आणि झुंबरबाईंची ही थोरली. लहानपणापासून एक नंबरची हट्टी. शाळेत गुरुजींनी उत्तर चुकीचं ठरवलं तर ही खाली बसायची नाही, कसं चुकलं ते सांगा म्हणायची. गुरुजी छडी दाखवायचे, ही हात पुढे करायची आणि छडी खाऊन पुन्हा म्हणायची, आता सांगा. जळगावात इंजिनिअरिंग केलं, पुण्याला गेली, शेअर बाजाराच्या व्यवहारांचे प्रोग्राम लिहिणाऱ्या एका कंपनीत लागली. डोळ्याचं पातं लवेपर्यंत हजारो सौदे पार पाडायचे, असलं ते काम. तिथं ती तरबेज झाली आणि तिथंच तिचं बिनसलं. एकदा कोणीतरी डेटाबेसमधला एक आकडा गुपचूप बदलला, त्यातून मोठा घोळ झाला आणि ठपका आला कामिनीच्या शेजारी बसणाऱ्या मुलीवर. आधी काय होतं ते पुसलं गेलेलं, मग ती बिचारी सिद्ध तरी काय करणार? तिला काढलं. कामिनी भर मिटिंगमध्ये उठून म्हणाली, "ज्यानं पुसलं तो याच खोलीत बसलाय," आणि राजीनामा टेबलावर ठेवून घरी आली.

तिशी उलटलेली बिनलग्नाची पोरगी लॅपटॉप घेऊन गावात आली म्हटल्यावर लोकांना काय, आयतंच कोलीत मिळालं. कोणी म्हणालं नोकरी गेली, कोणी म्हणालं प्रेमभंग झाला. कामिनी कोणाच्या तोंडाला लागली नाही. तिनं आबांच्या बागेत पाणी धरलं, आणि गटाच्या ऑफिसात जाऊन तिथला जुना प्रोग्राम पाहिला. पाहिला आणि कपाळावर हात मारला.

त्या प्रोग्रामची दोन दुखणी होती. एक, सकाळी केळीचा भाव निघाला की सारे शेतकरी एकाच वेळी मोबाइल उघडायचे, आणि सगळ्यांच्या मोबाइलवर नुसतं चाक फिरत राहायचं. प्रत्येकाचा प्रश्न डेटाबेसच्या कपाटापर्यंत जायचा, कपाटाला कुलूप, एकाचं होईतो बाकीचे ताटकळत. दुसरं दुखणं त्याहून वाईट. तिथं फक्त आजचा नंबर राहायचा. बारावा होतास, सतरावा झालास, तर बारा खोडून सतरा. का झालास, कोणी केलं, कधी केलं? राम जाणे! भांडणं व्हायची ती यावरूनच.

कामिनीनं ते सगळं मोडीत काढलं. तिच्या नव्या मांडणीत सगळी रांग, सगळ्या बागा, टोळ्या आणि ट्रक सर्व्हरच्या मेमरीत उभे. विचारलं की जागच्या जागी उत्तर, कपाट उघडायची भानगडच नाही. आलेली प्रत्येक गोष्ट एकामागून एक, एकाच खिडकीतून आत जाणार; पण खिडकीवरचा गडी इतका चपळ की रांग लागतच नाही. आणि जे घडेल ते तसंच्या तसं, घडलं त्या क्रमानं, डिस्कवर शेवटी जोडायचं. नंबर लावला. बाग तयार झाली. टोळी गेली. ट्रक वळला. घडलेलं कधी खोडायचं नाही. चूक झाली असेल तर 'ही चूक झाली' अशी नवी नोंद पुढे जोडायची. आजची रांग म्हणजे या सगळ्या घटनांची बेरीज.

गटाचे चेअरमन उखर्डू नाना तेव्हा मिशीला पीळ देत म्हणाले होते, "मेमरीत म्हंजे हवेतच ना वं? अन् लाइट गेली तं?"

"गेली तर जाऊ द्या. आली की यंत्र पहिल्या घटनेपासून सगळं पुन्हा वाचेल आणि होतं तसं उभं राहील."

जळगावची लाइटच ती, तिला परीक्षा घ्यायला कितीसा वेळ लागणार? ऐन कटाईत भरदुपारी गेली, बॅटरीही बसली. लाइट आली आणि ज्ञानेश्वरनं चहाची बशी खाली ठेवायच्या आत रांग जशीच्या तशी भिंतीवर. नानांनी खिशातल्या कागदावर आधीच उतरवून ठेवलेले नंबर ताडून पाहिले. म्हातारा पक्का बेरकी! एकही नंबर इकडचा तिकडे नव्हता.

पण पुढे याच नानांचं तिच्याशी वाकडं आलं. गटाचा नियम असा की वादळात बाग पडली तर तिला नंबर आधी. गेल्या उन्हाळ्यात नानांनी स्वतःच्या बागेपुढे 'वादळात बाग पडली' अशी नोंद करवली. टोळी गेली तर बाग ताठ उभी, हिरवीगार. कामिनीनं खाली नोंद जोडली: वादळ झालं नव्हतं. बाग उभी आहे. झालं, दोन्ही नोंदी भिंतीवर. नाना धावत आले.

"पूस ते."

"पुसायचं बटण नाही, नाना."

"मंग बनव."

"बनवणार नाही."

तेव्हापासून गावातली कारटी नानांना वादळनाना म्हणतात. त्यांनी दात धरला नसता तरच नवल होतं.

राहता राहिलं लग्नघर. ते काय? आमच्याकडे जुनी रीत आहे, घरात लग्न निघालं की त्या घराची बाग आधी कापायची आणि बाकीच्यांनी खळखळ न करता मागे सरायचं. लग्नघराची माणसं पत्रिका वाटत फिरणार, त्यांना बागेकडे बघायला सवड कुठली? नियम लिहिताना कामिनीनं याला विरोध केला होता. सगळी म्हातारी एका सुरात म्हणाली, हे नसेल तर तुझं यंत्र तुझ्यापाशी ठेव. मग तिनं 'लग्नघर' नावाची घटना घातली. घटना सांगणारा कुटुंबप्रमुख, साक्षीदार चेअरमन, वधूचं किंवा वराचं नाव. एवढा काथ्याकूट करणाऱ्या या बाईला, नवरीचा होकारही नोंदवावा, हे काही सुचलं नाही. आणि त्याचे चटके आता तिलाच बसत होते.

सुंदरबाईंना तिनं पाणी दिलं. म्हणाली, "सुंदरअक्का, हे लग्न मला आत्ता तुमच्याकडून कळतंय." सुंदरबाईंनी तिच्याकडे टक लावून पाहिलं, पाणी प्यायल्या आणि एकदम आवाज खाली आणून म्हणाल्या, "खरं सांगते? मंग तुह्या बापाले धरायला पाह्यजे."

कामिनी ज्ञानेश्वरची मोटरसायकल घेऊन थेट असोद्याला गेली. जीवराम आबा ओट्यावर बसून पत्रिकेचे नमुने चाळत होते. चेहऱ्यावर कसं अगदी कृतकृत्य समाधान.

"आबा, मला न विचारता?"

"अवं, स्थळ हातचं गेलं असतं!" आबांनी नमुने बाजूला ठेवले. "भडगावले मळ्यात भरताची पार्टी होती. पोराचा मामा माह्या शेजारीच पंगतीत. धुळ्याले बँकेत आहे पोरगा. योगराज नाव. बोलता बोलता गोष्ट निघाली, जुळली, तिथंच सुपारी फोडली. तू धुळ्याले गेलती, फोन उचलत नव्हती."

"वांग्याच्या भरतावर माझं लग्न ठरवलं?"

"भरीत झकास झालं होतं," आबा म्हणाले, आणि बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. मग ते चिडले. "माह्यं काय चुकलं? मी गेल्यावर कोन पाहीन तुले? ते यंत्र पाहीन?"

हे ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आलं म्हणून तिला आणखीच संताप आला. बापाची काळजी खोटी नव्हती. ते तिला कळत होतं. पण काळजी खरी म्हणून पोरीला केळीच्या घडासारखी ट्रकात चढवायची का? तिथंच ओट्यावर उभी राहून तिनं आबांकडून नंबर घेतला आणि योगराजला फोन लावला.

"तुम्हाला विचारलं होतं का?" तिनं सरळच सुरुवात केली.

पलीकडचा माणूस गोंधळला. "मला सांगितलं, तुम्ही हो म्हणालात. फोटो पण पाठवला."

"कसला फोटो?"

"बहुतेक आधार कार्डावरचा," तो चाचरत म्हणाला.

"तो बघून तुम्ही हो म्हणालात?"

"मी विचार करतो म्हणालो होतो," योगराज म्हणाला, आणि दोघंही हसले. मग कामिनीनं स्पष्ट सांगितलं की तिला हे लग्न करायचं नाही, आणि जे झालं ते गटाच्या नोंदीत लिहावं लागेल. तो म्हणाला, "लिहा. फक्त मी नकार दिला असं लिहू नका, कारण मी दिला नाही." माणूस वाईट नव्हता हो, पण म्हणून काय प्रत्येक बऱ्या माणसाशी लग्न करत सुटायचं?

दुपारी नानांनी गटाची बैठक बोलावली. आबा आले ते झुंबरबाईंना बरोबर घेऊन, पोरगी बापाचं नाही तर आईचं तरी ऐकेल म्हणून. झुंबरबाई कधी त्या ऑफिसात आल्या नव्हत्या. भिंतीशी खुर्ची ओढून, डोक्यावरचा पदर नीट करून त्या बसल्या. सुंदरबाईही आल्या होत्या, त्यांना कोणी बोलावलं नव्हतं आणि हाकलायची कोणाची छाती नव्हती.

नानांचा सूर त्या दिवशी मधाळ होता. "पोरी, झालं गेलं. ज्या दिवशी लाइट जाईन त्या दिवशी हे यंत्र पहिल्यापासून वाचीन ना? म्हंजे दर वेळी तुह्यं लग्न ठरीन अन् दर वेळी मोडीन. लेकीबाळीचं नाव आहे ते. पुढं कोनी स्थळ आलं, कोनी मोबाइलात पाह्यलं, तं काय म्हनीन? गुपचूप काढून टाक ती ओळ. आम्ही सारे डोळे मिटतो."

"आणि तुमचं वादळ?" कामिनीनं विचारलं.

नानांनी मिशीवरून हात फिरवला. "आता तुह्यं पुसलं, तं माह्यंबी पुसशीनच. एकाले एक न्याय अन् दुसऱ्याले दुसरा, असं थोडीच राहते?"

आबा खाली मान घालून म्हणाले, "ऐक वं त्याहिचं. माह्यासाठी नको, तुह्यासाठी."

आता खरं तेच सांगायचं तर तिला मोह झाला. का होऊ नये? बटण नव्हतं हे खरं, पण फाइल तर तिच्याच हाताखाली होती. उघडायची, ती ओळ कापायची, बंद करायची. कोणाला पत्ता लागला नसता. मोडलेलं लग्न बाईच्या नावाला कसं चिकटतं हे तिनं गावात पाहिलं होतं. पुरुषाचं मोडलं तर 'योग नव्हता', बाईचं मोडलं तर 'काहीतरी असेल'. तिचा हात माउसवर गेलासुद्धा.

"ठीक आहे, करून बघू," ती म्हणाली. नानांची मिशी हलली. "खऱ्या नोंदीवर नाही, नकलेवर. लग्नघराची ओळ काढते आणि यंत्राला पहिल्यापासून वाचायला लावते. सगळ्यांनी भिंतीकडे बघा."

तिनं नक्कल काढली, त्यातली ओळ उडवली आणि यंत्र चालवलं. क्षणात रांग नव्यानं उभी राहिली. नारखेड्यांच्या नावापुढे लग्न नव्हतं, सगळं कसं स्वच्छ. खाली सुंदरबाईंचं नाव होतं, आणि पुढे यंत्रानं लिहिलं होतं: नंबर पहिला होता. कटाई केली नाही. माल झाडावर पिकला. दिरंगाई शेतकऱ्याची. पुढील कटाईत नंबर शेवटचा.

सुंदरबाईंनी ओठ हलवत एकेक शब्द वाचला.

"म्हंजे मीच आळशी?" त्या उठल्या. "मी पहाटपासून बांधावर उभी, टोळीची वाट पाहून राह्यली, अन् दिरंगाई माह्यी? तुमच्या लग्नानं मले मांगं सारलं हे कुठं गेलं?"

"ते मी पुसलं," कामिनी म्हणाली. "माझं नाव राखायला. लग्न निघून गेलं, पण तुम्हाला मागे ढकललं त्याचं कारणच निघून गेलं. आता यंत्राला दोषी एकच दिसतंय. तुम्ही." ती नानांकडे वळली. "पुण्यात माझ्या शेजारच्या पोरीचं असंच झालं होतं. कोणीतरी आपलं नाव राखलं आणि नोकरी तिची गेली. मी तेव्हा ओरडले होते. आता मीच तो माणूस होऊ? मले नाही जमायचं, नाना! तुमचं वादळ राहील आणि माझं लग्नबी राहील. ज्याले जे म्हनायचं ते म्हनू द्या!"

रागात तिची पुण्याची भाषा गळून पडली होती, आणि तिला ते कळलंही नाही.

तिनं नक्कल फेकून दिली आणि खऱ्या यंत्रासमोर बसली. नवी घटना. कोणती घटना दुरुस्त करायची? लग्नघर, नारखेडे. लग्न मोडलं असं तिनं लिहिलं नाही, कारण मोडायला ते मुळात झालंच नव्हतं. तिनं लिहिलं: वधूला विचारलं नव्हतं. लग्न ठरलेलं नाही. सांगणारी: कामिनी नारखेडे. साक्षीदाराच्या जागेवर तिनं नानांकडे पाहिलं. नाना छताकडे बघत होते.

"माह्यं नाव घाल," सुंदरबाई म्हणाल्या. "मी हाय साक्षीदार. सकाळी तिले शिवी देली तवा पोरीचं तोंड पाह्यलं मी. जिले लग्न ठाऊक असते तिचं तोंड तसं नसते."

कामिनीनं एंटर दाबलं. यंत्रानं नियमाप्रमाणे सगळं पुन्हा जुळवलं: सुंदरबाई चुकीच्या नोंदीमुळे मागे पडल्या, उरलेल्या बागेला पहिला नंबर. जीवराम नारखेडे, खोट्या कारणानं पुढे गेले, पुढच्या कटाईत शेवटचा. ज्ञानेश्वरच्या, नानांच्या, सगळ्यांच्या खिशातले मोबाइल एकदम वाजले. गावोगावी असेच वाजले असणार, भडगावला त्या भरीतवाल्या मामाचाही.

आबा उभे राहिले. "बापाचं नाव शेवटी घातलं तू. साऱ्या गावापुढं. पोरीले इचारलं नव्हतं म्हनून कोनी लिव्हून ठेवते का? कोन्या पोरीले इचारते कोनी?"

"नसतील विचारत. म्हणून लिहिलं," कामिनी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण ती उठली नाही आणि तिनं नजरही खाली घातली नाही.

आबा दाराकडे निघाले. "चाल वं," ते झुंबरबाईंना म्हणाले.

झुंबरबाई जागच्या हलल्या नाहीत. इतका वेळ त्या भिंतीवरची ती ओळ बघत होत्या.

"कामिनी," त्यांनी विचारलं, "याच्यात जुनं लिव्हता येते का? लई जुनं?"

"येतं, माय. घडलं कधी ते वेगळं लिहायचं आणि आपल्याला कळलं कधी ते वेगळं."

"नंबर हालतीन का कोनाचे?"

"नाही. नंबरात धरायचंच नाही, नुसती नोंद ठेवायची."

"मंग लिव्ह." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "तुह्या मोठ्या मामाच्या लग्नानंतरचं वरीस घाल. पेरन्या सरल्या होत्या. मी मावशीच्या घरी गेलती, वापस आली तं दारात मांडव. झुंबरबाईले कोनी इचारलं नव्हतं. अस्संच लिव्ह."

आबा उंबऱ्यात थांबले होते. कामिनीनं एक शब्द न बदलता तसंच लिहिलं. नोंद भिंतीवर उमटली, आणि रांगेतला एकही नंबर हलला नाही.

"साक्षीदार?" तिनं हळूच विचारलं.

झुंबरबाईंनी मान वळवून दाराकडे पाहिलं. "हाय ना. तो काय उभा हाय दारात. त्याचंच नाव घाल. अन् मोठ्यानं वाच आता, त्याले ऐकू जाऊ दे."